परसातली गोड माती

माती गोड लागते हे मला लग्न होईपर्यंत ठाऊक नव्हतं. देऊळगाव राजाजवळ माझ्या वडिलांचं काळ्या मातीचं रान होतं आणि आम्ही भावंडांनी ती माती लहानपणी भरपूर चाखलेली होती. तिला चव म्हणून नव्हती. जिभेवर विरघळायची आणि मागून आईची चापट बसायची, एवढंच. गोड माती मला भेटली ती बुलढाण्याला, सासरच्या परसात.

महाराष्ट्र तेव्हा नवा होता, बुलढाण्याचं कॉलेज नवं होतं आणि त्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारे आमचे हेही नवेच होते. आमच्याकडं नवऱ्याचं नाव घ्यायची पद्धत नव्हती आणि या वयात ती मोडून मला काय मिळवायचंय, म्हणून इथंही मी त्यांना ‘हे’च म्हणणार आहे. घरात तिसऱ्या सासूबाई. त्या देऊळघाटच्या. सासरे लवकर गेले, शेती भाऊबंदांच्या वाटण्यांत विरून गेली आणि सासूबाई पोराचा हात धरून गावातून बाहेर पडल्या. त्यामुळं ह्यांनी गावाच्या कडेला घेतलेलं ते लहानसं घर आणि त्याच्या मागचं परस ही त्यांच्या लेखी जहागीर होती. परसात जाताना त्या चपला दारात काढून ठेवायच्या. उन्हाळ्यात पाय भाजले तरी.

आमच्या आधी त्या जागेत मोटारीच्या बॅटऱ्या दुरुस्त करणारा एक कारागीर राहत असे. जुन्या बॅटऱ्या फोडायच्या, आतल्या पट्ट्या कढईत वितळवायच्या आणि उरलंसुरलं मागं टाकायचं, असा त्याचा धंदा होता, हे शेजारणीनं सांगितलं होतं. आम्ही ऐकलं आणि सोडून दिलं. परसात अघाड्याशिवाय काही धड रुजत नव्हतं, तर आम्ही म्हटलं, जागा मुरमाड आहे. बुलढाणा पडलं डोंगरावर. तिथं मुरूम नाही तर काय लोणी असणार?

पहिल्यांदा दिवस गेले तेव्हा मला मातीचे डोहाळे लागले. यात नवल काही नाही, आमच्या भागातल्या निम्म्या बायकांना लागतात. सासवा रागवतात, सुना भिंतीचे पोपडे चोरून खातात आणि दोघींचं पोटभर भांडण होतं. माझ्या सासूबाई हौशी निघाल्या. सुनेला चोरून खावं लागलं तर आपली शोभा काय राहिली, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी परसातली चांगली ढेकळं वेचली, चुलीतल्या आरावर खरपूस भाजली आणि बशीत घालून माझ्यापुढं आणली. देण्याआधी एक तुकडा स्वतःच्या तोंडात टाकून पाहिला.

“गोड हाये व,” त्या म्हणाल्या. “आपल्या जागेची माती गोड हाये.”

खरंच गोड होती. गुळासारखी नव्हे, पण घशात मागं रेंगाळणारी गोडी होती. त्या रोज भाजायच्या आणि मी रोज खायची. माहेरी माझे एवढे लाड कोणी केले नव्हते. दुपारी आम्ही दोघी उंबऱ्यात बसायचो, मध्ये ती बशी, आणि त्या मला देऊळघाटच्या शेताच्या गोष्टी सांगायच्या.

पाचव्या महिन्यात ते मूल गेलं.

सासूबाईंनी मला न्हाऊ घातलं, शेकलं, आणि “होते कधी कधी” एवढंच म्हणाल्या. दुसऱ्या एखाद्या घरात माझ्या कुशीला नावं ठेवली गेली असती. इथं कोणी चकार शब्द काढला नाही, आणि त्या न बोलण्याचं ऋण मी जन्मभर मानलं. बाकी त्या दिवसांबद्दल मला लिहवत नाही.

पुन्हा दिवस गेले ते मधे एक वर्ष टाकून. श्रावणात ह्यांनी कढीलिंबाचं रोप आणलं आणि मागच्या दाराजवळ खड्डा खणायला घेतला. मी आतून बघत होते. कुदळ कशाला तरी लागली. ह्यांनी वाकून एक करडा, जड तुकडा उचलला, मग दुसरा, मग मूठभर. रोप तसंच बाजूला राहिलं. हातातले ते तुकडे बघत हे किती तरी वेळ उकिडवे बसून होते. मग त्यांनी रुमालात थोडी माती बांधली आणि सुट्टीचा दिवस असून कॉलेजात गेले.

संध्याकाळी परत आले तेव्हा सासूबाई देवळात गेल्या होत्या. ह्यांनी खिशातून काचेची नळी काढून मला दाखवली. माती आम्लात उकळून गाळून घेतली होती आणि त्या पाण्यात कसल्याशा क्षाराचे थेंब टाकले होते. नळीच्या तळाशी पिवळाधमक साका बसला होता, हळद कालवावी तसा. रंग सुरेख होता. मला क्षणभर आवडलासुद्धा.

“हे शिसं आहे,” ते म्हणाले. “शिशाचे काही क्षार गोड लागतात.”

या खेपेला माती किती खाल्लीस, असं त्यांनी विचारलं. डोहाळे नुकते सुरू झाले होते, बशी एकदाच पुढं आली होती. त्यांनी शिसं पोटातल्या जिवाला कसं बाधतं ते थोडक्यात सांगितलं. पहिलं मूल त्यानंच गेलं का, हे मी विचारलं नाही आणि त्यांनीही तो विषय काढला नाही. सासूबाईंना यातलं काही कळू द्यायचं नाही, हे मात्र आमचं न बोलता ठरलं. ज्या हातांनी एवढ्या मायेनं ढेकळं भाजली त्या हातांना काय सांगायचं होतं?

आईला त्यांनी सांगितलं, मातीत बॅटरीचं ॲसिड मुरलंय, तेव्हा ती खायला द्यायची नाही आणि सारवायलाही घ्यायची नाही. सासूबाईंना ते फारसं पटलं नाही. ॲसिड असलं तर पावसानं धुऊन जाईल, जमीन का कधी कायमची खराब होते, असं म्हणून त्या कामाला लागल्या. बशी मात्र बंद झाली.

मी म्हटलं, माती खणा आणि टाका लांब नेऊन. हे म्हणाले, कुठं? आमच्या परसाखालीच उतार होता, उतारावर दुसऱ्याचं ज्वारीचं वावर आणि त्याच्या खाली अख्ख्या आळीची विहीर. आपल्या दारातली घाण दुसऱ्याच्या दारात नेली तर आपलं दार साफ होतं, घाण आहे तेवढीच राहते, असं त्यांनी मला वर्गात समजवावं तसं समजावलं. मी भडकले. पोटुशा बाईला तत्त्वज्ञान सांगू नये, हे कुठल्या कॉलेजात शिकवतात कोण जाणे.

पण हे नुसतं बोलून थांबणारे नव्हते. पाणी जड की हलकं ते तपासायला त्यांच्या प्रयोगशाळेत एक पांढरी पूड असे. तिचं हातभर लांब नाव त्यांनी मला पाठ करायला लावलं होतं, आता त्यातली ईडीटीए ही अक्षरं तेवढी लक्षात आहेत. ही पूड पाण्यात कालवली की ती धातूच्या कणाला खेकड्यानं नांगीत धरावं तसं धरते. मातीला चिकटून बसलेलं शिसं तिच्या नांगीत सापडलं की मातीला सोडतं आणि पाण्याबरोबर निघून येतं. शिशाची बाधा झालेल्या माणसाच्या रक्तातून शिसं काढायलाही मोठ्या दवाखान्यांत हेच औषध शिरेतून देतात, असं ते म्हणाले. माणूस धुता येतो तर माती का नाही धुता येणार?

अकोल्याहून पूड आली. ह्यांनी डांबराची पिंपं अर्धी कापून आणली आणि मागच्या रिकाम्या गोठ्याच्या पत्र्याखाली मांडली. कॉलेजातून आले की धोतराचा काचा मारायचा, दाराजवळची माती पिंपात घालायची, पुडीचं पाणी ओतायचं आणि बांबूनं ढवळत बसायचं. माती खाली बसली की वरचं पाणी दुसऱ्या पिंपात काढून झाकण लावायचं. ते पाणी जमिनीवर सांडायचं नाही, याचा फार कडक पहारा होता. मग पुन्हा साधं पाणी, पुन्हा ढवळणं. आळीत हा करमणुकीचा विषय झाला. “कपडे धुवाले बायको हाये, म्हून मास्तर माती धुऊन राह्यला,” असं कोणी तरी म्हटलं आणि ते घरोघरी गेलं. मलाही हसू यायचं. रात्री ह्यांचे खांदे चोळताना यायचं नाही.

नवरात्र जवळ आलं तसा मला पाचवा महिना लागला. सासूबाई त्याबद्दल बोलत नव्हत्या, पण मी उंबरा ओलांडला की त्यांचा हात आपोआप पुढं यायचा. घट बसवायला माती लागते. पत्रावळीवर माती पसरायची, त्यात गहू पेरायचा, मधे पाण्याचा घट ठेवायचा. नऊ दिवसांत गहू जसा वाढेल तसं त्या घराचं वर्ष जाणार, असं आमच्याकडं सगळे मानतात. ज्यांना शेत आहे ते शेतातली माती आणतात. सासूबाईंना शेत राहिलं नव्हतं, म्हणून त्या दरवर्षी परसातली घ्यायच्या. गहू नेहमी रोडकाच यायचा, पण त्या म्हणायच्या, आपल्या जागेचा हाये. कोणाच्या तरी वावरातून माती आणू का, असं ह्यांनी विचारून पाहिलं. घटाला माती आपल्याच जागेची लागते, मागून आणलेल्या मातीवर देवी बसवायची का, म्हणून सासूबाईंनी त्यांना उडवून लावलं.

ह्यांनी धुलाईचा वेग वाढवला. घट बसायच्या आदल्या दिवशी त्यांनी धुतलेल्या मातीतून स्वच्छ पाणी गाळून घेतलं आणि घरीच त्यात ते थेंब टाकले. आम्ही दोघं नळीकडं डोळे लावून बसलो. पाणी जसंच्या तसं राहिलं. पिवळं काही दिसलं नाही. हे इतके खूश झाले की मला म्हणाले, “बघ, गेलं.” आणि स्वतःच्या हातानं ती माती पत्रावळीवर पसरून आईपुढं ठेवली. मला त्या दिवशी खूप हलकं वाटलं. पोटातल्या जिवाला मी मनातल्या मनात सांगितलं की आता ही जमीन तुझी आहे, बिनधास्त ये.

गहू उगवला. दोन-तीन माळा झाल्या तोवर बरा होता. मग त्याची वाढ खुंटली. पाती फिकट पडली, पिवळी झाली, टोकाला जळल्यासारखी दिसायला लागली. रोडका गहू सासूबाईंनी खूप पाहिला होता, असा पाहिला नव्हता. त्यांनी मला घटाकडं जायला बंदी केली. आधी त्या फराळाचं खात होत्या, ते सोडून नुसत्या पाण्यावर राहू लागल्या. कशासाठी, हे सांगायची गरज नव्हती. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, असं मी तेव्हाही म्हणत असे. तरी त्या पिवळ्या पात्यांनी माझी झोप उडवली, हे खरं आहे.

हे घटासमोर मांडी घालून बसले. सासूबाईंना वाटलं, पोरगा देवीला काही मागतोय. हे पातं नखानं उचलून बघत होते. पूड फक्त शिशाला धरते असं नाही, मातीतला चुना आणि लोहही धरते, हे त्यांना माहीत होतं. रोप उपाशी होतं. म्हणजे पूड अजून मातीत होती. मग पुडीनं नांगीत धरलेलं शिसंही अजून मातीतच असणार. मुठीत दाबलेलं नाणं बाहेरून दिसत नाही, तसं ते त्या थेंबांना दिसलं नव्हतं इतकंच. ते कॉलेजात गेले. धुतलेल्या मातीच्या पाण्यात आधी आम्ल घालून ती मूठ सोडवली आणि मग थेंब टाकले.

परत आले तेव्हा मी मागच्या दारात तांदूळ निवडत होते. त्यांचा चेहरा बघूनच मला कळलं. “आहे,” ते म्हणाले. “पहिल्यापेक्षा कमी, पण आहे. मी नुसत्या पाण्यावर तपासायला नको होतं.”

माझा तोल सुटला. सूप बाजूला सारून मी म्हटलं, “एक मूल या मातीनं नेलं. आता दुसऱ्यावर तुमचा प्रयोग नको.”

बोलून गेले तेव्हा त्यांच्या मागं, आतल्या दारात, सासूबाई उभ्या दिसल्या. नंदादीपात घालायला तेलाची बुधली न्यायला आल्या होत्या.

“ॲसिड नोहे का मंग ते?” त्यांनी विचारलं.

“शिसं आहे, आई.”

त्यांनी बुधली हळूच खाली ठेवली. “म्या भाजून देल्ली व्हती,” त्या म्हणाल्या. “रोज देल्ली. मंग तं मीनंच…”

मला वाटलं, हे आता नाही म्हणतील. एवढं एक खोटं बोलतील. पण हा माणूस नळीत जे दिसेल तेच सांगणारा. “सांगता येत नाही, आई,” ते म्हणाले. “त्यानं गेलं असेल, दुसऱ्या कशानंही गेलं असेल. कोणालाच सांगता येणार नाही.” त्या क्षणी मला त्यांचा इतका राग आला की तांदूळ तसेच टाकून मी उठले. सासूबाईंकडं जावं, त्यांना धरावं, असं वाटत होतं. पण त्यांनी बुधली उचलली आणि दिव्यात तेल घालायला आत गेल्या. दिवा विझू देऊन चालणार नव्हतं.

सकाळी त्यांनी माझं लुगडं घडी करून ट्रंकेत घातलेलं होतं. सातव्या महिन्यात माहेरी जायचं ठरलं होतं, पण त्या म्हणाल्या, “आजच जाय. घट उठेपावतर थांबू नको.” बसलेले घट घरात सोडून सुनेला बाहेर पाठवणं ही त्यांच्यासाठी केवढी मोठी गोष्ट होती, हे आमच्या भागातल्या माणसालाच कळेल. हे मला घेऊन निघाले. चिखलीला गाडी बदलून आम्ही देऊळगाव राजाला पोचलो.

फाल्गुनात मुलगी झाली. चांगली, रडकी, वजनदार. आई म्हणाली, हिचा आवाज तुझ्या सासरचा आहे.

तिकडं ह्यांनी माती धुणं थांबवलं. परसात खोल खड्डा खणून आतून विटा आणि सिमेंट लावलं, दाराजवळची माती, बॅटरीवाल्याच्या कढईची राख, माती धुतलेल्या पाण्याचा उन्हाळ्यात आटवलेला गाळ, सगळं त्यात भरून वर जाड लादी बसवली. राहिलेल्या परसावर मुरूम ठोकून शहाबादी फरशी घातली. पुडीला त्यांनी कधी दोष दिला नाही. पकडायचं काम तिनं चोख केलं, पकडलेलं सगळं बाहेर काढायला किती पाणी लागेल आणि ते पाणी ठेवायचं कुठं, याचा हिशेब माझा चुकला, असं ते म्हणायचे. हल्ली परदेशात आणि आपल्याकडंही अशी माती धुतात, लिंबातल्या आम्लासारखी सौम्य पूडही वापरतात, असं त्यांनी म्हातारपणी वाचून मला सांगितलं. त्यांच्या बोलण्यात थोडा हेवा होता. मी त्या लादीकडं बघून एवढंच म्हटलं की आपल्याकडचं अजून तिथंच आहे.

मुलीला घेऊन मी सासरी परतले, आणि पुढच्या नवरात्राच्या आधी पुन्हा एकदा माहेरी जाऊन येणार होते. निघताना सासूबाईंनी माझ्या हातात एक स्वच्छ फडकं दिलं. “तुह्या बापाच्या वावरातली माती आन,” त्या म्हणाल्या. “घटाले.” त्या लगेच पाठ करून भांडी घासायला बसल्या. फरशी झाल्यापासून त्या परसात चपला घालून जायला लागल्या होत्या, हेही माझ्या त्याच दिवशी लक्षात आलं.

वडिलांनी रानाच्या मधली, कापसाच्या ओळीतली माती दिली. गहू असा तरारून आला की शेजारणी बघायला आल्या. सातव्या की आठव्या माळेला आम्ही तिघंही घरात होतो. मुलगी नुकती रांगायला लागली होती. मी वात करत होते, हे आरतीची थाळी पुसत होते, आणि ती कधी घटापाशी पोचली ते कळलं नाही. तिनं पत्रावळीत हात घातला, अंकुरांसकट मूठभर माती उचलली आणि तोंडात घातली.

ही आजोळची माती आहे, हिला काही होणार नाही, हे मला ठाऊक होतं, ह्यांनाही ठाऊक होतं. तरी मी वात टाकून उठले. सासूबाई सगळ्यांत जवळ होत्या. त्यांनी तिला उचललं, बोट घालून तिच्या तोंडातली थोडी माती काढली आणि ते बोट स्वतःच्या जिभेवर ठेवलं. डोळे मिटून त्या किती तरी वेळ चव घेत होत्या.

मग त्यांनी नातीला पुन्हा खाली, घटाशेजारी बसवलं.

“फिक्की हाये,” त्या माझ्याकडं बघून म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच माझ्यासमोर रडल्या. “खाऊ दे तिले.”